सी-फेसिंग फ्लॅट बघायला डिसेंबरात जाऊ नका

मी वरळीला समुद्रासमोरच्या एका टॉवरचा मॅनेजर आहे. टॉवरचं नाव सांगत नाही, नोकरी अजून सात वर्षं करायची आहे. राहायला डोंबिवलीला, वन बीएचके, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचं वाळत घातलेलं दिसतं. त्यामुळे ‘तू आम्हाला कोट्यवधींचे फ्लॅट घ्यायला शिकवणार का?’ असं कुणी विचारलं तर राग नाही. पण फ्लॅट घेणारा माणूस तो दोन-तीन वेळा बघतो आणि सही करतो. मी त्याच भिंतींवर बावीस पावसाळे बघितले आहेत. त्याआधी आठ-नऊ वर्षं एसी मेकॅनिक होतो. आयटीआय करून वेंगुर्ल्याहून आलो तेव्हा पेडर रोड, नेपियन सी रोड, वरळी असं टूलकिट घेऊन फिरायचो. श्रीमंतांच्या घरात मी कायम मागच्या दारानं गेलो, आणि घर कसं आहे हे मागच्या दारानंच जास्त कळतं.

तर पहिली गोष्ट. सी-फेसिंग फ्लॅट तुम्हाला डिसेंबरात संध्याकाळी साडेपाचला दाखवतात. सूर्य पाण्याकडे झुकलेला, वारा गार, हातात कॉफी. त्या वेळेला गोठासुद्धा महाल वाटेल. तुम्ही तीन वेळा जा. एकदा एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीनला, एसी बंद करायला सांगून. पश्चिमेच्या काचेला आतून तळहात लावा आणि तिथे सोफा ठेवून बसवेल का ते ठरवा. एकदा ओहोटीला, पाणी मागे गेलं की किनाऱ्याला जो वास सुटतो तो कुठल्याच ब्रोशरमध्ये छापता येत नाही. (कोळीवाडा शेजारी असेल तर सुकत्या मासळीचा वासही येणार. ते लोक तुमच्या आधी काही शतकं तिथे आहेत, तक्रार करायची असेल तर फ्लॅट घेऊ नका.) आणि एकदा जुलैत, मोठ्या भरतीच्या दिवशी. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते, पेपरात यादी येते. ती कापून ठेवा. त्यातल्या एखाद्या दिवशी, नैऋत्येचा वारा सुटलेला असताना, सेल्सवाल्याला फोन करा, ‘आज बघायचाय.’ तो टाळाटाळ करायला लागला तर तुम्हाला निम्मं उत्तर मिळालं.

नवीन बांधकाम असेल तर हे जमत नाही, मान्य. मग त्याच बिल्डरची, त्याच किनाऱ्यावरची पाच-सात वर्षं जुनी इमारत शोधा आणि तिथे जुलैत जा.

मोठ्या आर्किटेक्टचं नाव कसं वाचायचं

आता वरळी-लोअर परळकडे बाहेरची मोठी नावं आली आहेत. लंडनच्या फॉस्टर अँड पार्टनर्सचं काम आहे, न्यूयॉर्कच्या कोन पेडरसन फॉक्सचं आहे. नावं खोटी नसतात. पण नावाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. कधी त्या ऑफिसनं खिडकीच्या बिजागरीपर्यंत सगळं काढलेलं असतं, कधी फक्त बाहेरचा आकार दिलेला असतो आणि पुढचं सगळं इथल्या आर्किटेक्टनं, कॉन्ट्रॅक्टरनं आणि खर्च कापणाऱ्या माणसानं मिळून केलेलं असतं. विचारायचं ते हे: महापालिकेच्या नकाशांवर सही कुणाची? स्ट्रक्चरल इंजिनीअर कोण? काचेच्या दर्शनी भागाचा सल्लागार वेगळा होता का? मोठं ऑफिस बांधकाम संपेपर्यंत सोबत होतं का, की ड्रॉइंग देऊन गेलं? आर्किटेक्ट आणि इंजिनीअरची नावं महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) वेबसाइटवर प्रोजेक्टच्या पानावर असतात, तिथे पडताळून बघा.

आणि मग इमारतीची पश्चिम बाजू बघा. आर्किटेक्ट किती मोठा आहे ते मी तिथे ठरवतो.

हे मला एका इमारतीनं शिकवलं. कंबाला हिलवरची कांचनजंगा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची, १९८३ साली पूर्ण झालेली. ८४ मीटर उंच, २८ मजले, आणि एवढ्यात घरं फक्त ३२. तळ बघाल तर २१ मीटरचा साधा चौरस. अगदी पाण्याला लागून नाही, पण पश्चिमेला अरबी समुद्र दिसतो आणि पूर्वेला बंदर. कोरियांचं म्हणणं असं होतं की मुंबईत इमारतीचं तोंड पूर्व-पश्चिमच हवं, कारण वारा तिकडून आणि देखावाही तिकडेच. पण कडक ऊनही त्याच दिशांनी येतं आणि पाऊसही. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय काढला होता: राहायच्या खोल्यांभोवती व्हरांडा. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून उंचावर नेला. इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंच गच्च्या कोरून काढल्या. बाहेरून त्या चौकोनी खाचा दिसतात, आतले रंग लांबून ओळखू येतात. एवढे कोपरे पोकळ ठेवून इमारत उभी करायचं गणित इंजिनीअर शिरीष पटेलांचं. केम्प्स कॉर्नरचा फ्लायओव्हर त्यांचाच.

मी तिथे एकदाच, ऐन पावसात, एसीच्या कामाला गेलो होतो. गच्चीत झड येत होती, फरशी पार ओली. आणि आतल्या खोलीच्या दाराशी कोरडं. मी पाना हातात धरून तसाच उभा राहिलो, कारण हे मला ओळखीचं होतं. आमच्या घराची पडवी. मे संपत आला की बाबा पडवीला बाहेरून चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) झापं बांधायचे. पाऊस पडवीत आला तरी चालेल, ओटीवर यायचा नाही, एवढाच हिशोब. शेजारी एकानं मुंबईच्या पैशांतून नवं घर बांधलं आणि समुद्र दिसावा म्हणून पश्चिमेला मोठं दार काढलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, “पच्छिमेक दार? खुळो झालंस काय रे?” त्या दाराची चौकट चार पावसाळ्यांत कुजली.

तेव्हा बघायचं ते असं: पाऊस आणि तुमचा दिवाणखाना यांच्यामध्ये काही आहे का? खोल बाल्कनी, गच्ची, छज्जा, आत घेतलेली खिडकी, काहीही. की जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच आणि काचेवर थेट समुद्र? काच वाईट नाही, पण मग सगळा भार सिलिकॉन आणि रबरावर आला. सिलिकॉन म्हातारं होतं. बाल्कनी आहे पण मालकानं ती काचा लावून दिवाणखान्यात घेतली आहे, असा फ्लॅट असेल तर तुम्ही पडवी नसलेलं घर जास्त पैसे देऊन घेताय. वर ते बांधकाम मंजूर आहे का हा प्रश्न वेगळाच.

खिडकी, बिजागरी, बोल्ट

खिडकी उघडून खालची पट्टी बघा. पाणी बाहेर जायला छोटी भोकं असतात. ती आहेत का, आणि रंगानं किंवा सिमेंटनं बुजलेली नाहीत ना? पावसाचं पाणी पट्टीत येणारच, ते परत बाहेर जायला हवं. आमच्याकडे निम्म्या गळतीच्या तक्रारी टाचणीनं भोकं साफ करून मिटतात. सरकत्या खिडकीपेक्षा बिजागरीची, बंद करताना रबरावर दाबून बसणारी खिडकी पश्चिमेला जास्त टिकते. मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग मानकात सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. काच आणि चौकट त्या हिशोबानं आणि त्या मजल्याच्या उंचीनं तपासली आहे का, त्याचा कागद मागा. तिसाव्या मजल्यावर खिडकी शिट्टी वाजवते. दिवसा गंमत वाटते, रात्री दोनला नाही.

रेलिंग आणि स्क्रू स्टीलचे असतील तर स्टील ३०४ प्रतीचं की ३१६ हे विचारा. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते तग धरतं. ३०४ वर वर्षभरात चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतात. काही जण खिशातून लोहचुंबक काढून स्टील तपासतात आणि मोठ्या ऐटीत मान हलवतात. दोन्हींना लोहचुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेतून या दोघांतला फरक कळत नाही. खरेदीचं बिल किंवा टेस्ट सर्टिफिकेट मागा. नाहीतर सरळ डाग शोधा, जोडाजवळ आणि स्क्रूच्या डोक्याखाली.

एसीचं बाहेरचं युनिट

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, माझा धंदा होता.

समुद्रासमोर एसीचं बाहेरचं युनिट खाऱ्या वाऱ्यात दिवसरात्र उभं असतं. मीठ कॉइलवर बसतं, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्या पडतात, मग भुगा होऊन गळतात. डोंबिवलीला दहा वर्षं चालणारं युनिट आमच्या पश्चिम बाजूला मी चौथ्या वर्षी बदललेलं आहे. पात्यांवर संरक्षक लेप असेल तर फरक पडतो, दर महिन्याला गोड्या पाण्यानं धुतलं तर आणखी पडतो. पण धुवायचं तर तिथे पोहोचता यायला हवं.

म्हणून युनिट कुठे ठेवलंय ते बघा आणि तिथे मेकॅनिक कसा जाणार हे विचारा. मोठ्या आर्किटेक्टला युनिट दिसलेलं आवडत नाही. तो समोर छान जाळी लावतो. जाळीमागे दीड फुटाचा कट्टा, कठडा नाही, दोर अडकवायला हूक नाही, आत जायला बाथरूमची खिडकी. मी स्वतः अशा कट्ट्यावर एकविसाव्या मजल्यावर, एक पाय आत ठेवून, गॅस भरलेला आहे. खाली कुणाची तरी बर्थडे पार्टी चालली होती, फुगे दिसत होते. आज माझ्या माणसांना मी तसं करू देत नाही; दोर आणि हूक नसेल तर काम नाही. मग मालक चिडतो, ‘एवढ्या पैशांच्या फ्लॅटमध्ये एसी दुरुस्त होत नाही?’ नाही होत साहेब. घेताना तो कट्टा बघायला हवा होता. चालत जाता येईल असं दार आणि कमरेएवढा कठडा असलेली जागा ज्या आर्किटेक्टनं नकाशात दिली, त्यानं कधीतरी एखाद्या मेकॅनिकशी बोलून बघितलं असणार.

काच धुवायचंही तेच. बाहेरचा पाळणा आहे का, तो चालू आहे का, की दोरावर माणसं उतरतात? गच्चीवर जाऊन पाळण्याचे रूळ बघा. गंजून बसलेले असतील तर तुमच्या काचेवरचं मीठ वर्षानुवर्षं तिथेच राहणार.

लॉबीत वेळ घालवू नका

लॉबीत संगमरवर असतो, तो काही सांगत नाही. बेसमेंटमध्ये जा. पोडियमवर (टॉवरच्या पायथ्याच्या पसरट मजल्यांच्या गच्चीवर) पोहण्याचा तलाव किंवा बाग असेल तर बरोबर त्याच्या खाली उभे राहा आणि वर बघा. ओलीचे डाग, पांढऱ्या रेघा, लोंबणारे चुन्याचे सुळे, तांबूस ओघळ. यातलं काही दिसलं तर तिथला फोटो घ्या आणि सोसायटीला विचारा की कधीपासून आहे.

कारण साधं आहे. मीठ काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो. तो आतून ढकलतो, काँक्रीटला चीर जाते, चिरेतून आणखी मीठ-पाणी आत. म्हणून आयएस ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत घराच्या आतल्या कोरड्या भागाला सळईवर २० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण पुरतं, पण किनाऱ्यावरच्या हवेत ४५ लागतं आणि काँक्रीट एम-३० या ताकदीचं तरी हवं. लाटांचे तुषार थेट बसतात तिथे ५० आणि एम-३५. हे तुम्ही मोजू शकत नाही, पण स्ट्रक्चरल इंजिनीअरला एक दिवसाची फी देऊन सोबत नेऊ शकता. तो यंत्रानं आवरण मोजेल, हातोडीनं ठोकून बघेल. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. हा फरक एकदा ऐकला की तुम्हालाही कळतो. मी खिशात जुनं पाच रुपयांचं जाड नाणं ठेवतो, तेवढ्यानंही काम होतं. फ्लॅटच्या किमतीपुढे इंजिनीअरची फी म्हणजे पार्किंगची पावती. तरी लोक वास्तुवाल्याला आणतात, इंजिनीअरला नाही.

२४ जून २०२१ ला अमेरिकेत मायामीजवळ सर्फसाइडला चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली समुद्रकाठची इमारत मध्यरात्रीनंतर कोसळली, ९८ माणसं गेली. १९८१ ची इमारत, वय चाळीस. इंजिनीअरनं २०१८ मध्येच लिहून दिलं होतं की तलावाच्या डेकखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय आणि डेकला उतारच नसल्यानं पाणी साचतंय. खर्च मोठा, मालकांत वाद, काम लांबलं. दुसऱ्या दिवशी आमच्या सेक्रेटरींनी मला सकाळी सातला फोन केला आणि पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, “आपल्या तलावाखाली कसं आहे रे?” त्याआधी मी तीन वेळा पत्र दिलेलं होतं.

म्हणून जुनी इमारत घेताना मागच्या तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा. आर्किटेक्टची पुस्तिका नंतर वाचा. दुरुस्तीचा विषय किती वेळा पुढे ढकलला गेला ते त्यात असतं. मुंबईत तीस वर्षं झालेल्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी सांगितलं आहे. समुद्रासमोर मी पंधराची वाट बघणार नाही. फंडाचे आकडेही बघा. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडात (पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण) आणि पाऊण टक्का दुरुस्ती फंडात जायला हवा. ही किमान रक्कम आहे, खाऱ्या हवेत ती पुरत नाही. मासिक मेंटेनन्स विचारताना जीएसटीही धरा. महिन्याला ७,५०० रुपयांवर गेलं की सोसायटीच्या उलाढालीप्रमाणे १८ टक्के लागू शकतो, आणि अशा इमारतीत ७,५०० कधीच मागे पडलेले असतात.

कागद

ब्रोशरवर ‘कंडोमिनियम’ लिहिलेलं असेल तर तो नुसता रुबाबाचा शब्द आहे की खरोखर तशी नोंदणी आहे, ते विचारा. आपल्याकडे त्यासाठी १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा आहे. त्यात डीड ऑफ डिक्लरेशन होतं, तुमच्या नावानं डीड ऑफ अपार्टमेंट होतं, आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत तुमचा. सोसायटीत इमारत सोसायटीची आणि तुम्ही सभासद, एका सभासदाला एक मत. कंडोमिनियममध्ये साधारणपणे मताचं वजन हिश्शाप्रमाणे असतं. म्हणजे वरचे तीन पेंटहाउसवाले दुरुस्ती नको म्हणाले की खालच्यांची पंचाईत.

नवीन इमारतीत करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत, मोजमाप कार्पेट एरियाचंच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेचं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तुम्ही कळवल्यापासून तीस दिवसांत बिल्डरनं तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. खिडकीची गळती कारागिरीच्या दोषात बसते, पण ‘पाऊस जास्त होता’ असं उत्तर येतं. तेव्हा पहिल्या पावसाळ्यापासून तारीखवार फोटो आणि लेखी पत्र. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांखालची) परवानगी आणि ओसी (इमारतीत राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला) बघाच, त्यावर लांबण लावत नाही. वकील लावा.

समुद्र दिसणं मात्र कुठल्याही करारात लिहून मिळत नाही. ‘समोर पाणी आहे, समोर कोण काय बांधणार?’ हे वाक्य मी सेल्सवाल्यांकडून इतक्या वेळा ऐकलंय. अहो, ही मुंबई आहे. हॉर्नबी वेलार्ड नावाचा बांध घालून वरळीची खाडी बुजवली ती अठराव्या शतकात. मरीन ड्राइव्ह भरावावर आहे. २००९ मध्ये सी-लिंक आला, मार्च २०२४ मध्ये कोस्टल रोडचा पहिला टप्पा सुरू झाला, तोही पाण्यात भराव घालूनच. हाजी अलीच्या बाजूला ज्यांच्या गॅलरीसमोर सरळ पाणी होतं, त्यांच्यासमोर आता आधी रस्ता आणि मग पाणी. रस्ता चांगला आहे, मीही त्यावरून जातो. पण खालच्या मजल्यांच्या लोकांनी लाटांचा आवाज म्हणून पैसे दिले होते. तेव्हा मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा उघडून समोरच्या आणि बाजूच्या प्लॉटवर काय आहे ते बघा, आणि समुद्रासाठी किती जास्त मोजताय ते वेगळं लिहून काढा. समोर रस्ता आला तर तेवढे पैसे गेले असं धरूनही फ्लॅट परवडतो का?

ताबा घ्यायच्या दिवशी लोक नारळ आणतात. आणा. सोबत पाण्याचा लांब पाइपही आणायला सांगा. पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीवर बाहेरून, खालून वर, दहा-दहा मिनिटं पाणी मारायला लावा आणि आत कोपऱ्यात गुडघ्यावर बसून बघा. बिल्डरचा माणूस हसेल. गळलेल्या खिडक्यांची यादी ताब्याच्या पत्रावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि निघताना लिफ्टमन किंवा हाउसकीपिंगच्या मावशींना सहज विचारा, “पावसात कुठल्या लाइनच्या फ्लॅटमध्ये टॉवेल लावावे लागतात?” आमच्याकडे ०३ आणि ०४, म्हणजे प्रत्येक मजल्यावरचे त्या नंबरचे फ्लॅट. मावशींना पाठ आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या जुने टॉवेल वेगळे काढून ठेवतात.